हवेचं भोक

आमच्या दाजींच्या घरी चमच्यालासुद्धा कोरलेली जागा आहे. थट्टा करत नाहीये मी. स्वयंपाकघरातला कुठलाही खण ओढा, आत करडा फोम, फोमात चमच्याच्या आकाराची खाच आणि खाचेत चमचा. कात्री, सांडशी, किसणी, सगळ्यांना आपापल्या खाचा. माझी ताई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला वाटलं होतं, काय नीटनेटका नवरा मिळाला! आता म्हणते, "माझ्या मापाची खाच तेवढी कापायची राहिलीय, ती कापली की मी सुटले." दाजी हे ऐकतात आणि कटरचं पातं बदलत बसतात. उत्तर देणं त्यांच्या स्वभावातच नाही. ते दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी चहा गाळेपर्यंत बोलून मोकळी होते.

धंदाच त्यांचा तो, पेट्यांच्या आतला फोम कापायचा. ज्या वस्तूला धक्का लागून चालणार नाही अशी वस्तू माणसं घेऊन येतात. कॅमेरा म्हणा, मोजणीची दुर्बीण म्हणा, डॉक्टरांची हत्यारं म्हणा. सोबत रिकामी पेटी आणतात. दाजी ती वस्तू हातात घेऊन फिरवून फिरवून बघतात, कागदावर तिची कड उतरवून घेतात, त्या मापानं फोमचे थर कापतात आणि मी ते थर एकावर एक चिकटवते. खाली दुकान, वर घर. मी त्यांची मेहुणी, शेजारच्या गल्लीत राहते. माझा नवरा कायम फिरतीवर, म्हणून दिवसभर मी दुकानात. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं, कारण मालक तोंड उघडत नाही. गोंदाचं कामही माझं, कारण गोंदाच्या वासानं मालकाला शिंका येतात, आणि शिंकणाऱ्या माणसाच्या हातात कटर देऊन कसं चालेल?

माल देण्याची त्यांची एक पद्धत आहे. वस्तू खाचेत बसवायची आणि झाकण न लावता, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, उघडी पेटी सरळ उलटी करायची. वर गदागदा हलवायची. गिऱ्हाईक किंचाळतं. एकदा एक फोटोग्राफर मटकन खालीच बसला होता, त्याला मी पाणी पाजलं. पण वस्तू काही पडत नाही. दाजी पेटी सरळ करतात आणि पुढच्या कामाला लागतात. मी कितीदा म्हटलं, "अहो दाजी, कुणाचा तरी जीव जाईल एक दिवस." तर म्हणे, "त्याशिवाय खात्री कशी पटणार?"

त्यांना एकच मुलगी. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता चांगली उंच झालीय, माझ्या डोक्यावरून बघते, तरी नाव बारकीच. दाजींचा तिच्यावर इतका जीव की तिच्या शाळेच्या दप्तरातही फोम होता. बाटली, डबा, कंपास, सगळं खाचेत. पोरं हसायची. एकदा वैतागून तिनं तो सगळा फोम उपटला आणि गच्चीवरून खाली भिरकावला. दाजी मुकाट्यानं जिना उतरले, तुकडे गोळा करून आणले, आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात नवीन फोम हजर. रागावले नाहीत, चिडले नाहीत. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

काचेचा नाद तिला लागला तोही यांच्यामुळेच. प्रयोगशाळांसाठी काच फुंकून नळ्या आणि फ्लास्क बनवणारे एक म्हातारे काका दाजींचं गिऱ्हाईक होते. माप घ्यायला जाताना दाजी बारकीला सोबत न्यायचे. ती ज्योतीसमोर बसली की उठायचं नाव घ्यायची नाही. शिक्षण संपल्यावर तिनं काकांकडेच काम धरलं आणि हातात अशी कला आली की काका स्वतः येऊन सांगून गेले, पोरगी माझ्यापुढे जाणार. पण मग काकांची नजर अधू झाली. त्यांनी भट्टी विकली, बर्नर विकले आणि कारखान्याला कुलूप लावलं. आमच्या गावात काचेचं दुसरं ठिकाण नाही.

त्याच सुमाराला दूरच्या शहरात एका मोठ्या संस्थेत काच फुंकणाऱ्या माणसाची जागा निघाली. तिथं नुसती मुलाखत देऊन भागणार नव्हतं. स्वतः बनवलेली एक वस्तू ठरलेल्या दिवशी, संध्याकाळी कार्यशाळा बंद व्हायच्या आत, तिथल्या मुख्य बाईंसमोर ठेवायची होती. बाई ती तापवून बघणार, तिच्यातली हवा खेचून बघणार. टिकली तर नोकरी, फुटली तर घरी. कारखान्याला कुलूप लागायच्या आत बारकीनं ती वस्तू बनवली. संत्र्याएवढा गोल फुगा, त्याच्या पोटात काचेच्या नळीचं वेटोळं आणि वर लांब, पेन्सिलीएवढी बारीक मान. आधीच्या सगळ्या बनवतानाच फुटल्या होत्या. शेवटी एवढी एक साधली होती. ही गेली तर दुसरी बनवायला ना भट्टी ना काका. मग बारकीनं आमच्या दुकानात माझ्या शेजारी बसायचं आणि जन्मभर गोंद लावायचा. सगळं त्या एका फुग्यावर होतं.

दाजींना ती जायला नको होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. नको तर ताईलाही होती, पण ताई निदान डोळ्यांना पदर लावून मोकळी व्हायची. दाजी फक्त एवढंच म्हणाले, "पेटी मी करतो."

आणि केली. पण कशी? मला हात लावू न देता! थर कापले तर त्यांनीच, पण चिकटवलेसुद्धा स्वतःच, शिंका देत देत. मी म्हटलं, "द्या इकडे, जीव जाईल शिंकून." तर मान हलवली फक्त. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या दुकानाचा गोंद लावतेय, आणि आज माझ्या हाताला काय काटे आले? मी फुगून काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांच्या टेबलाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळची बस होती. बारकी आवरून खाली आली ती खांद्याला पिशवी आणि हातात मऊ कापडात गुंडाळलेली ती वस्तू घेऊन. दाजींनी हात पुढे केले. ती जराशी कचरली, मग दिली. त्यांनी फुगा खाचेवर ठेवला आणि तळव्यानं हलकेच दाबला. फुस्स असा आवाज आला आणि फुगा आत जाऊन बसला. बाहेर नुसती मान. मग पद्धतीप्रमाणे पेटी उलटी केली.

"बाबा!" बारकी ओरडली. जिन्यात उभ्या असलेल्या ताईनं डोळे गच्च मिटले. दाजींनी पेटी हलवली. काही पडलं नाही. त्यांनी ती सरळ करून टेबलावर ठेवली आणि बारकी हसली. किती दिवसांनी बापाकडे बघून हसली पोरगी.

"बसली हं, बाबा. आता काढून दाखवा."

दाजींनी मान दोन बोटांत धरली आणि वर उचलली. फुग्याबरोबर अख्खी पेटी वर आली.

त्यांनी ती सावकाश खाली टेकवली आणि मानेवरचा हात काढून घेतला. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मला काही उमगायच्या आत बारकीला उमगलं, कारण तिचं लहानपण याच टेबलाखाली गेलंय. ती वाकली आणि फुग्याच्या कडेनं फोम बघू लागली.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फोमच्या दोन जाती असतात. एक स्पंजसारखा, त्यातून हवा आरपार जाते. दुसरा घट्ट, त्यातून ना हवा जाते ना पाणी. नाजूक मालाला हा दुसरा वापरतात. त्यात गोल वस्तू अगदी मापात बसली की खालची हवा निघून जाते आणि फोम तिला चोखून धरतो. ओढाल तितकी आणखी घट्ट. म्हणून खाचेच्या तळाशी एक बारीक भोक ठेवायचं, तिथून हवा आत शिरली पाहिजे. आम्ही त्याला हवेचं भोक म्हणतो. शिवाय दोन्ही बाजूंना बोटं घालायला जागा कापायची. तळाचा थर चिकटवायच्या आधी दरवेळी मी विचारते, "दाजी, भोक?" आणि दरवेळी ते पाडलेलं असतं. या वेळी विचारायला तिथं मी नव्हतेच. खाचेला भोक नव्हतं आणि बोटांची जागाही नव्हती.

"बोटांना जागा का नाही ठेवलीत?" बारकीनं विचारलं.

"जागा ठेवली तर फुगा हलला असता."

"आणि भोक?"

दाजींनी पेटी स्वतःकडे वळवली.

"बाबा, मी विचारतेय. भोक कुठंय?"

"राहिलं."

"राहिलं? तुमचं? तुमचं भोक राहिलं?" तिचा आवाज चढला. "आजवर कधी राहिलं नाही आणि आज बरं राहिलं! मी जाऊ नये म्हणून अडकवलीत ना? खरं सांगा!"

"बारके!" ताई जिन्यातून ओरडली.

"तू मध्ये पडू नकोस, आई. त्यांना बोलू दे. एकदा तरी बोलू दे त्यांना!"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. तोंडात मारल्यासारखे दिसत होते. "नाही गं," एवढंच म्हणाले, आणि कटर उचलला.

"कटर नको!" तिनं त्यांचा हात धरला. "काचेला पातं लागलं तर चरा पडेल. दिसणारसुद्धा नाही असा चरा. तिथं बाई तापवतील आणि त्या चऱ्यापासून तडकेल. मला सगळ्यांसमोर तसं बघायचं नाहीये."

"खालून भोक पाडतो."

"पेटीला ड्रिल लावणार? हादरे बसतील. आणि सुई घातली तर ती आत किती गेली हे कोण सांगणार? सुईही लोखंडाचीच."

मी आपलं म्हणून बघितलं, "साबणाचं पाणी सोडलं तर?"

"मावशी, प्लीज," बारकी म्हणाली. बरं, साबण नको. पण सुचेना कुणालाच. बाहेरून हातगाडीवाला ओरडत गेला, समोरच्या दुकानाचं शटर वाजलं, आणि आम्ही चौघं त्या काचेच्या मानेकडे बघत उभे. बस काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. दाजींचा हात बारकीनं अजून धरून ठेवला होता. फोमची अख्खी शीट एका रेघेत कापणारा हात आहे तो.

बारकीनं तो सोडला आणि आपली पिशवी टेबलावर उपडी केली. कपडे, फणी, चार्जर आणि कागदात गुंडाळलेल्या काचेच्या साध्या नळ्या. तिथं हात बघायला मागितला तर असाव्यात म्हणून तिनं घेतल्या होत्या. "आत हवा जायला पाहिजे ना," ती स्वतःशीच म्हणाली. "लोखंड नको. काच चालेल." मग एकदम, "आई, गॅस लाव. मोठा."

आम्ही सगळे वर धावलो. तिच्या त्या फुग्याची काच चिवट, तिला भट्टीच लागते. पण ही साधी काच घरच्या गॅसवरही मऊ होते, असं तिनं आम्हाला पळता पळता सांगितलं. ताई शेगडीच्या बटणावर हात ठेवून उभी राहिली. बारकीनं नळी दोन्ही टोकांना धरून ज्योतीत आडवी फिरवायला घेतली. फिरवतेय, फिरवतेय, डोळे त्या ज्योतीवर. ज्योत पिवळी झाली, काच मधोमध वाकू लागली, तशी तिनं ती बाहेर घेतली आणि झटक्यानं दोन्ही हात लांब केले. मधली काच ताणली जाऊन दोऱ्यासारखी झाली. तिनं तुकडा तोडून तोंडाला लावला आणि फुंकलं. "बंद झाली," म्हणाली, आणि टाकून दिली. दुसरी घेतली. ती ताणतानाच तुटली. ताईच्या कपाळावर घाम आला होता. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं, कारण बघितलं की मला ओरडावंसं वाटत होतं.

तिसरी जमली. केसाहून थोडी जाड, लांब आणि आतून पोकळ. एका टोकाला फुंकायला मूळची जाड नळी तिनं तशीच राखली होती. दुसरं बारीक टोक तिनं ज्योतीच्या कडेला नुसतं दाखवल्यासारखं केलं, म्हणजे धार मोडते आणि ओरखडा उठत नाही. नळी हातात आडवी धरून ती एकेक पायरी उतरू लागली आणि आम्ही तिच्यामागून श्वास धरून.

दाजी खालीच होते. आम्ही वर धावलो तेव्हा ते मागे राहिलेले कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. टेबल साफ करून, पेटीखाली जाड चादर घालून, दिवा जवळ ओढून ते उभे होते. बारकीच्या हातातली नळी बघितली आणि त्यांना समजलं. दाजींनी दोन्ही अंगठे खाचेच्या काठावर ठेवले आणि फोम बाहेरच्या बाजूला दाबायला सुरुवात केली. अगदी सावकाश. घाईनं दाबला तर फोम काठावर दबतो आणि आत फुगतो, हे त्यांचंच ज्ञान. हळूहळू काचेच्या आणि फोमच्या मध्ये एक रेघ उघडली.

बारकीनं त्या रेघेत नळी सोडली. फुग्याच्या गोलाईवरून ती वाकत वाकत खाली जाऊ लागली. मध्येच अडली. दाजींनी अंगठा थोडा सरकवला. पुन्हा खाली गेली. तुटली असती तर तिचे तुकडे आत, काचेला चिकटून, मग संपलंच सगळं.

"मावशी," बारकी म्हणाली, "मानेभोवती बोटं धर."

"मी?"

"आईचे हात कापतायत. धर. ओढायचं नाही. लावायचीसुद्धा नाहीत. फुगा उसळला आणि कलंडला तर झेलायचा."

माझ्या हातून आजवर किती कपबशा गेल्या हे ताईला विचारा. पण मी धरली बोटं. ती बारीक काच माझ्या बोटांच्या मधोमध, न शिवता. मी देवाचं नाव घेतलं, आणि दाजींना मनातल्या मनात शिव्याही घातल्या.

बारकीनं नळीचं टोक ओठांत घेतलं. आणि फुंकलं म्हणावं तर फुंकल्यासारखं दिसेचना. गाल फुगले नाहीत, खांदे हलले नाहीत. नुसता एक लांब, बारीक श्वास चालू राहिला, संपेचना. काकांनी तिला वर्षानुवर्षं हेच शिकवलं असणार. मी तिच्याकडे बघत होते. दाजीही तिच्याकडेच बघत होते, पेटीकडे नाही. काही झालं नाही. ती थांबली, नाकानं श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. तरीही काही नाही. तिसऱ्यांदा तिच्या कानशिलावरची शीर वर आली आणि मला वाटलं आता नळी तरी फुटते नाहीतर ही तरी.

आणि मान माझ्या बोटांतून हलली. वर. अगदी एवढीशी. मग आणखी थोडी. फोमचा चुर्र असा बारीक आवाज आला आणि फुग्याचा खांदा वर दिसला. दाजींचे अंगठे तसेच दाबलेले, नखं पांढरी पडलेली. बारकी फुंकतच होती. फुगा निम्मा वर आला तसा दाजींनी अंगठे सोडून दोन्ही तळवे त्याच्याखाली घातले आणि तो उचलला. हातात घेतला आणि तसेच उभे राहिले.

बारकीनं तो त्यांच्या हातातून घेतला, दिव्यापाशी नेला आणि फिरवून फिरवून बघितला. नखानं चाचपला. बघता बघता तिचे डोळे भरले. "काही नाही झालं," ती म्हणाली. "चांगली आहे."

ताई पायरीवर बसून हमसाहमशी रडू लागली. मी म्हटलं, "अगं रडतेस काय, बस जाईल!"

दाजींनी कटर घेतला. खाच सगळीकडून केसभर सैल केली. टोचा तापवून तळापासून पेटीच्या बुडापर्यंत भोक पाडलं. बोटांची जागा कापायला घेतली तेव्हा म्हणाले, "हात दाखव, बारके."

"माझा कशाला? काढणार मी नाही. तिथल्या बाई काढणार."

दाजी थांबले. बाईंची बोटं केवढी, हे कुणाला माहीत? मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून फोमवर ठेवला. म्हणाले, "मेहुणीबाई, तुझ्यापेक्षा जाड बोटं तर कुणाची नसतील." दुसऱ्या वेळी मी ऐकवलं असतं त्यांना. तेव्हा मुकाट्यानं हात ठेवला आणि त्यांनी माझ्या बोटांभोवती रेघ मारली.

बसथांब्यापर्यंत आम्ही अर्धं चालत अर्धं धावत गेलो. पेटी दाजींच्या हातात, धक्का लागू नये म्हणून ते मधोमध आणि आम्ही तिघी भोवताली. बस सुटता सुटता मिळाली. बारकी पायरीवर चढली, वळली, पेटी घेतली. "बाबा, मघाशी मी बोलले ते..." एवढं म्हणेपर्यंत कंडक्टरनं दार लावलं.

संध्याकाळी फोन आला तेव्हा आम्ही तिघं वर, स्वयंपाकघरात होतो. कुणी दिवा लावलेला नव्हता, ताईनं भाजी नुसतीच निवडून ठेवलेली. फोन मी घेतला. बारकी इतकी भराभर बोलत होती की निम्मं कळत नव्हतं. बाईंनी स्वतः पेटी उघडली. दोन बोटं घातली आणि फुगा उचलला. तापवला, हवा खेचली, पुन्हा तापवला. टिकला. पुढच्या महिन्यापासून रुजू व्हायचं, राहायला खोलीही देणार. मी आनंदानं ओरडले आणि फोन दाजींपुढे धरला.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "जेवून घे काहीतरी." आणि फोन माझ्याकडे दिला.

फोन ठेवून मी दिवा लावला. मग दाजी बोलू लागले. भिंतीकडे बघत, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. म्हणाले, "भोक राहिलं ते खरंच राहिलं. तिची शपथ. पण ती फुंकत होती ना, तेव्हा माझ्या मनात आलं. फुटली तर बरं. फुटली तर जाणार नाही. फोम धरून उभा होतो मी, आणि मनात हे."

मी तोंडाची फटकळ. कुणाचं काही ऐकून घेत नाही. पण तेव्हा मी ताईकडे बघितलं. वाटलं ती आता पेटणार, भांडी आपटणार. ताई शेगडीपाशी उभी होती, बटणावर हात ठेवून.

"ती नळी तापवत होती," ताई म्हणाली, "तेव्हा माझा हात इथंच होता. मला वाटलं, फिरवावं. गॅस संपला म्हणावं. कोण बघायला येणार होतं?"

"फिरवलं नाहीस ना," दाजी म्हणाले.

"नाही फिरवलं. तुम्ही पण धरून ठेवलंतच की."

मग दाजी रडायला लागले. आवाज करून. ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. अंगठ्यांची नखं आता काळीनिळी झाली होती. मी उठले आणि दुकानाचं शटर ओढायचंय म्हणून खाली निघून गेले, कारण मलाही रडू येत होतं आणि त्या दोघांसमोर ते मला जमलं नसतं.